आखूड खुंट्या

बुडालेल्या 'विनिफ्रेड' युद्धनौकेची किनाऱ्याला लागलेली फळी नौदलाच्या न्यायमंडळासमोर आणायला चार खलाशी लागले.

"या खुंट्या तुझ्याच ना?" अ‍ॅडमिरलने विचारलं.

पोर्टस्मथच्या गोदीतला म्हातारा सुतार जोसाया पेनफोल्ड फळीला जहाजाच्या सांगाड्याशी जखडणाऱ्या लाकडी खुंट्यांवर वाकला. "डोकी माझी आहेत, साहेब. आठ कडांची खुंटी या गोदीत मी एकटाच तासतो. पण मी हातभर लांब दिल्या होत्या. या बोटभरच आहेत! कुणीतरी डोकी तेवढी कापून ठोकली आणि बाकीचं ओकचं लाकूड घरी नेलं."

"ठोकल्या कुणी?"

"मुकादम ब्राइसच्या टोळीने. त्याच्या घरचा नवा जिना बघा जरा." जोसाया फळीपासून मागे सरला. "टोळीत माझा मुलगा केलेबही होता. पुढे त्याच जहाजावर चढला, आणि जहाजाबरोबरच गेला."

'विनिफ्रेड'ने एकोणीस वर्षं तोफा झेलल्या, तीन लढाया मारल्या, एका वादळातून डोलकाठी मोडून परत आली. आणि डागडुजीनंतर दोन महिन्यांत, वारा पडलेल्या सकाळी, बंदरातच बुडाली. दोनशे माणसं गेली. कप्तानाची हयगय ठरली असती, तर त्याची मान गेली असती.

गोदीत उरलेले तुकडे घरी न्यायची मुभा होती. पगार सहा-सहा महिने मिळायचा नाही, मग चांगल्या लाकडाचेही तुकडे व्हायचे. सगळेच न्यायचे. जोसायाने मात्र जन्मात एक ढलपी उचलली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

कप्तान सुटला. ब्राइसच्या घरी शिपाई गेले. जिना ओकचा नव्हे, जुन्या पाइनचा निघाला.

जोसाया घरी आला तेव्हा सून हॅना कपडे धूत होती.

"सापडला का तो मेला, बाबा?"

"सापडू दे. फासाचा दोर मी स्वतः ओढीन."

"पोराला जरा पाळण्यात ठेवा ना. अस्तर ओलं केलंय गुलामाने, धुवायला काढलंय. खाली घोंगडी घातलीय."

पाळणा केलेबने जहाजावर जाण्याआधी केला होता. बाळाला लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून शिडाचं कापड चहूबाजूंनी त्यानेच घट्ट शिवलं होतं. बापाची तेवढीच एक वस्तू पोराला उरली होती.

नातवाला घेऊन जोसाया वाकला. उघडे गज त्याला आज पहिल्यांदाच दिसले.

आठ कडांचे. हातभराला बोटभर कमी.