दुपारची झोप

नव्या शहरात येऊन महिना झाला, तरी लेक घराबाहेर तोंड उघडत नव्हती. खाली पोरं इथल्या भाषेत गलका करायची आणि ही खिडकीच्या काचेला नाक लावून नुसती ऐकत बसायची. उद्यापासून शाळा. तिथे ही बोलणार कशी, याचीच आईला काळजी होती.

दुपारी लेक तिच्या मांडीवर झोपली. पडदा हलला की उन्हाचा कवडसा तिच्या गालावरून फिरून जायचा. मध्येच ती झोपेत खुदकन हसली आणि इथल्या भाषेत कुणाशी तरी घडाघडा बोलू लागली.

"काय म्हणतेय गं?" बाबांनी दारातूनच हळू विचारलं.

"कुणास ठाऊक."

आईचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं, लेक बोलतेय आणि आपल्याला कळत नाहीये, असं आज पहिल्यांदाच होत होतं.