चौथं कुलूप

रहिमुन्निसानं चावी हातात घेतलीच नाही. एजंट दिपेशनं ती मोठ्या कौतुकानं पुढं केली, "चाची, बोहनी तुमच्या हातानं होऊ द्या" म्हणाला, तरी ती ओढणीत हात गुंडाळून उभीच. शेवटी तिच्या नवऱ्यानं, अब्दुस्समदनं, दार उघडलं.

रेवदंड्याहून अलिबागला जाताना लागणारी नवी बिल्डिंग. चौथा मजला. कोरा हॉल, रंगाचा वास, गॅलरीतून येणारा भन्नाट वारा. समोरच्या तिन्ही बिल्डिंगी कधीच भरल्यात, दिपेश सांगत होता. भरल्यात म्हणजे विकल्यात. एका गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल दिसेल तर शपथ. मुंबईकडचा नवा पूल झाला की भाव कुठल्या कुठं जाईल, मुंबईची पार्टी रोज फोन करते, चाचा आपले म्हणून थांबवलंय, असं त्याचं चालू होतं. अब्दुस्समद मान हलवत होता.

त्या मान हलवण्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळणार? कायमचा परत आलो म्हणून ज्या माणसानं मस्कतहून बॅगा आणल्या, तो पुन्हा दोन वर्षांसाठी जाणार. कंपनी बोलावत होती. हा फ्लॅट घेतला की जाणं आलंच.

आणि मागं कुलपं सांभाळायला ही. दर जुम्म्याला बाप्ये नमाजाला गेले की ती चाव्यांचा जुडगा घेऊन निघायची. आधी घराचा वरचा मजला, तो मुलासाठी बांधलेला, झियान कॅनडात. मग अलिबागचा फ्लॅट, तो मुलीसाठी. महनूर ईदला यायची ती पोरांना घेऊन आईच्याच खोलीत पसरायची. मग चौलकडचा. तो कुणासाठी, हे घेणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. खाऱ्या वाऱ्यानं कुलपं गंजून धरतात, म्हणून त्यात खोबरेल सोडायचं. नळातून तांबडं पाणी जाईस्तोवर थांबायचं. कबुतरांची घाण खरडायची. कुणीही न निजलेल्या खोल्या झाडून झाडून तिचे गुडघे गेले होते. मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस.

दिपेश चहा सांगायला खाली उतरला.

"हे दार मी न्हाय उघडायची," ती म्हणाली. "आधीच तीन हायत."

अब्दुस्समद भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होता, कलिंगड पारखावं तसा. वारा बघ कसा येतो म्हणाला. समुद्र दिसतो म्हणाला. उद्या पोरं काय करतील कुणी सांगावं, तेही म्हणाला. मग टकटक थांबवून तो तिच्याकडं वळला.

"गो, उठ म्हणणारा कोणी नसावा, अशी जागा पायजे माणसाला."

"तुमाला उठ म्हणायला हितं हाय कोण? मी एकटी. आन् मी तर बसा म्हणते."

जरा पाठ टेकून बघतो, तो म्हणाला.

ती तणतणत गॅलरीत गेली. दिपेश वर आला की त्याला तोंडावरच सांगायचं, नको म्हणून. नवऱ्याला काय वाटायचं ते वाटो. तरुणपण फोनवर काढलं, आता म्हातारपणही फोनवरच काढायचं? जेवलीस का, जेवले. झोपलात का, झोपतो. आणि त्याच्या आवाजामागं एका खोलीतल्या दहा-बारा बाप्यांचा गलका. आणि इकडं कुलपांना तेल घालत बसायचं. शब्द जुळवून झाले तशी ती आधी त्यालाच ऐकवायला आत वळली.

तो झोपला होता. एवढा मोठा हॉल, सगळा मोकळा, आणि हा पार कोपऱ्यात. भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन, हातभर जागेत. चपला रुमालात बांधून उशाला घेतलेल्या. पाकीट मुठीत घट्ट.

ती गुडघ्यावर हात टेकत खाली वाकली.

"जरा ऐसपैस निजा की," तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. "सरका इकडं."

त्यानं डोळे उघडले नाहीत. अंग आणखी चोरून तो भिंतीत शिरल्यासारखा झाला, शेजारची मोकळी फरशी त्यानं हातानं थोपटली, आणि झोपेतच बोलला,

"आ जा भाई. जगह है."