सात पानांची पूर्वसूचना

“हात वर!” हणमंत पेढेवाला माकडटोपीतून गरजला. त्याच्यामागे खेळण्यातले पिस्तूल रोखून प्राध्यापक सबनीस उभे होते. विद्वत्तेची कदर न करणाऱ्या समाजाला अद्दल घडवण्यासाठी ते ही बँक लुटणार होते. साथीदार म्हणून मिठाईवाला पत्करावा लागला, हाही त्या समाजाचाच अपराध.

कॅशियर वृंदाताईंनी हात वर केले नाहीत. “उद्या रजा घ्या, बँकेत धोका आहे, असं काल मला दोघांनी कळवलं. एकाची चिठ्ठी पेढ्यांच्या खोक्यात होती. खोक्यावर दुकानाचं नाव आहे, हणमंतराव. दुसऱ्याचं पत्र सात पानी, तळटीपांसह. खाली सही आहे, सर.”

हणमंत वळला. “म्हंजे सर, तुमचंबी यांच्यावर...?”

“दुर्दैवाने,” सबनीस थंडपणे म्हणाले.

“पेढे संपले,” वृंदाताई हसल्या. “पत्र मात्र चौथ्या पानापर्यंतच वाचून झालंय. इतकं रंगलं, की रजा टाकायचं राहूनच गेलं. उरलेलं संध्याकाळी वाचून दाखवाल?”

“आन् मी?”

“तुम्ही पेढे आणा.”

सबनीसांनी पिस्तूल खिशात घातले. तीस वर्षांत त्यांना प्रथमच वाचक लाभला होता; तिजोरीत त्याहून मोलाचे काय असणार!