क्रूझसाठी बाबागाडी

क्रूझवर न्यायची बाबागाडी नचिकेत दीड महिना निवडत होता. तेवढ्या दिवसांत सात महिन्यांच्या ईराला त्याने क्वचितच उचललं. केतकी म्हणायची, "जरा धर हिला, मी जेवून घेते," आणि तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणायचा, "तिच्यासाठीच चाललंय ना हे!" केबिनचं दार किती रुंद, गाडी एका हाताने मिटते का, सगळं त्याने तपासलं. दुकानात तर त्याने ईराच्या वजनाची तांदळाची पिशवी गाडीत ठेवून ती गदागदा हलवून पाहिली.

जहाजावर गाडी केबिनच्या दारातून अलगद आत गेली. ईराला तिच्यात ठेवलं मात्र, तिने असा टाहो फोडला की शेजारच्या केबिनमधले लोक बाहेर आले. नचिकेतने पट्टे सैल केले, माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. शेवटी घामाघूम होऊन त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि ती गप्प झाली. केतकीने हात पुढे केले, तर तिच्याकडेही जाईना.

तीन दिवस तो तिला घेऊन डेकवर येरझाऱ्या घालत होता. एकदा ती त्याचा कान धरून झोपली, तेव्हा कितीतरी वेळ तो कठड्याशी हललासुद्धा नाही. केतकी आरामखुर्चीत कॉफी पीत होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच गरम.

शेजारच्या खुर्चीतल्या गरोदर बाईंनी रिकाम्या गाडीकडे पाहून विचारलं, "कशी आहे हो ही? आम्हालाही घ्यायचीय."

"डोळे मिटून घ्या," केतकी म्हणाली. "बाळ एक मिनिट बसत नाही तिच्यात."