कलम अकरा

"म्हणजे कपाट बरोबरच वागलं, असं म्हणायचं ना?" चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

इंजिनिअरने समोरचा तक्ता पुन्हा पाहिला. डावीकडे हॉस्पिटलच्या सुरक्षा धोरणातलं एकेक कलम, उजवीकडे त्यातून त्याने काढलेली सिस्टिमची अट. कलम अकरा: निवृत्तीच्या दिवशी कार्यालय सुटताच कर्मचाऱ्याचे सगळे प्रवेश रद्द व्हावेत. त्यावरून अट बेचाळीस: त्या दिवशी पाच वाजता कार्ड बंद. बोट ठेवायला जागा नव्हती. चार महिने डोळ्यांत तेल घालून केलेलं काम. धोरण लिहिणाऱ्यांनी वॉर्ड पाहिला नव्हता, आणि यानेही तक्त्यात धोरणापलीकडचं काही येऊ दिलं नव्हतं.

समोर वॉर्डातल्या सिस्टर बसल्या होत्या. एकतीस वर्षांची नोकरी, आणि शेवटच्या दिवशी ड्यूटी आठपर्यंत. पाच वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या पेशंटचा श्वास अडकला. औषधांच्या कपाटाने त्यांचं कार्ड ओळखलं नाही. दुसरी सिस्टर कुणाला तरी एक्स-रेला घेऊन गेलेली. यांनी सलाईनचा स्टँड उचलला आणि कपाटाची काच फोडली. पेशंट वाचला.

"सिस्टिम धोरणाप्रमाणेच चालली," इंजिनिअर म्हणाला.

"मग तोडफोड सिस्टरांच्या नावावर. सेवापुस्तकात तसा शेरा जाईल."

इंजिनिअरच्या मांडीवर त्याची वही होती. त्यात अट बेचाळीसच्या पहिल्या मसुद्याशेजारी त्याच्याच अक्षरात एक ओळ होती: 'वॉर्डात पाचला कोण सुटतं?' तेव्हा त्याचे साहेब म्हणाले होते, "धोरणात आहे का तसं? नाही ना? मग खोड." त्याने खोडली होती, पण अजून वाचता येत होती. वही टेबलावर ठेवली असती तरी पुरलं असतं. त्याने ती मिटली. लाज वाटत होती, पण लाज वाटली म्हणून तोंड उघडतंच असं नाही.

"तुम्हाला काही सांगायचंय, सिस्टर?"

सिस्टरांच्या उजव्या हाताला पट्टी होती. "पेशंट काल घरी गेला," त्या म्हणाल्या. "तेवढं लिहून घ्या."

"ते आपल्या चौकशीत येत नाही हो." अध्यक्ष इंजिनिअरकडे वळले. "पण कपाट असं कुणालाही फोडता येत असेल, तर तीही उणीवच. कलम चौदा बघा. औषधसाठा पूर्ण सुरक्षित असावा. यातून काय अट निघते?"

इंजिनिअरने पेनचं टोपण काढलं. सिस्टर त्याच्या हाताकडे बघत होत्या. त्याने मान खाली घातली आणि तक्त्याच्या उजव्या बाजूला, नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'कपाटाची काच कशानेही फुटता कामा नये.'