बॉल नसताना

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा टीव्हीवर हाफटाइम झाला होता. मोरेश्वरने ऐकून घेतलं, "येतो," म्हणाला आणि टीव्ही बंद केला. सुनेत्रा गेली होती.

दुपारी तिनेच त्याला घरी पाठवलं होतं. "अंघोळ करून या. आणि मॅच रेकॉर्डला लावा. आबिलियोची शेवटची आहे. मी घरी आले की बघू."

आबिलियो पोर्तुगालचा फुटबॉलपटू. बचावफळीच्या जरा पुढे खेळायचा. त्यांची मुलगी हिमानी शाळेच्या टीममध्ये त्याच जागेवर खेळायची, तेव्हापासून तिच्या आईला या आबिलियोचं वेड. मोरेश्वर चिडवायचा.

"अख्ख्या करिअरमध्ये दोन गोल! काय बघतेस त्याच्यात? धड देखणाही नाही."

"तुम्ही नुसता बॉल बघता हो. बॉल नसताना त्याला बघा की."

मोरेश्वर बॉलच बघायचा.

सुनेत्रा गेली ते मे महिन्यात. जानेवारीत मिशिगनमधल्या नोव्हायच्या त्या घरात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. बागेला पाणी घालायचा होज बाहेरच्या नळाला तसाच राहिला होता. आतलं पाणी गोठून भिंतीतला पाइप फुटला. त्याने हिमानीला फोन केला.

"इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही गं. घर जुनं झालं."

"बाबा, आई दर ऑक्टोबरला होज काढून ठेवायची."

"मी कधी पाहिलं नाही."

"तू ऑफिसमध्ये असायचास." मग ती म्हणाली, "आता इकडे टेक्सासला ये, फ्रिस्कोला. इथे आम्ही आहोत."

तो हो म्हणाला. घर विकायला काढलं. सामान बांधून झालं. टीव्ही आणि केबलचा बॉक्स तेवढा राहिला.

"बॉक्स कंपनीला परत कर हं, बाबा."

"त्यातलं रेकॉर्डिंग?"

"ते जाईल. पण ती मॅच ऑनलाइन मिळेल ना, कुठेही."

"मिळेल. हे तिने सांगून लावलेलं आहे."



त्या दुपारी त्याने रेकॉर्डिंग लावलं. या वेळी बॉल बघितला नाही. डावीकडचा बचावपटू धावत पुढे गेला. आबिलियो चालत त्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला. समोरच्या खेळाडूने तिकडे नजर टाकली, त्याला पाहिलं आणि बॉल दुसरीकडे मारला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मग उजवीकडे. कॉमेंटेटरने त्याचं नाव घेतलं नाही. घेण्यासारखं काही घडतच नव्हतं. तो जिथे उभा राहत होता, तिथे काहीच घडत नव्हतं.

मोरेश्वरने किचनच्या खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीत नवा नळ चकाकत होता.

हाफटाइमची शिट्टी झाली. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. पुढचं त्याला माहीत होतं. शेजारचा मिहीर भेटायला आला तेव्हा बोलून गेला होता, "काका, शेवटी त्याला बाहेर बोलावलं ना, तेव्हा अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. पाच मिनिटं टाळ्या!"

बॉक्स परत द्यायची तारीख उलटून गेली. दुसरा हाफ बघायचा राहिला आहे.