शोभाताईंच्या कार्डावर

"शोभाताईंसोबत कोण आहे?"

रंजिता उठली. काउंटरवरच्या माणसाने तिची सही घेतली. "साडेचार लाख झाले होते. पण फॅक्टरीचं मेडिकल कार्ड आहे, तुम्हाला काही भरायचं नाही."

रंजिताने कार्ड परत घेतलं. आत खाटेवर शोभामावशी नव्हती; रंजिताची आई होती, चंद्रभागाबाई. पायाच्या जखमेसाठी घेतलेल्या पेनिसिलिनच्या गोळ्यांनी तिच्या अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटली होती. शोभामावशीचा मुलगा हेमराज जवाहरनगरला फॅक्टरीत कामाला. त्याच्या आईच्या नावाचं कार्ड त्यानेच पुढे केलं होतं. "दोघी बहिणी एका तोंडवळ्याच्या. त्यात चंद्रभागामावशीचं तोंड सुजलेलं. कोन पाहून राहिलं?"

तेव्हापासून शोभामावशी फॅक्टरीच्या क्वार्टरचं दार लावून बसली होती. "काल शेजारीण सफरचंद घेऊन दवाखान्यात मलेच पाहाले निघाली," ती फोनवर हसली. "मी पडद्यामागून पाहून राहिली!"

आईच्या गावी, मोहाडीत, सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं, आई बहिणीकडे आरामाला गेली आहे.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, "हे औषध पुन्हा कधीच नाही. एक इंजेक्शनसुद्धा जीव घेईल. फॅक्टरीच्या दवाखान्यात शोभाताईंच्या नावापुढे तशी नोंद करायला कळवलंय."

रंजिताने हात जोडले.

गाडीत आईने खिडकी उघडायला लावली. नव्या गुलाबी कातडीला वारा लागला तशी ती डोळे मिटून हसली. "धानाची बांधी वाचली वं बाई, वावर विकाची पाळी नाही आली. मले वाटलं, मी वाचीन आन् बांधी जाईन."

"तू आधी घरी चल."

"चलतोच तं आहो. घरी गेल्यावर झुनका कर. तिखट कर. दवाखान्याच्या खिचडीनं जीभ मेली माही."

रंजिता कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

दिवाळीनंतर ती नागपूरला नोकरीवर परतली. त्याच आठवड्यात आई तापाने बेशुद्ध झाली. शेजारच्या शकुनबाईंनी तिला ऑटोत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. रंजिताला फोन लागेना. तरुण डॉक्टर सावध होता. पेनिसिलिनचं इंजेक्शन भरून झाल्यावरही तो थांबला.

"यांना आधी कधी औषधाचा त्रास झालाय? काही मोठं आजारपण?"

"नाही जी," शकुनबाई ठामपणे म्हणाल्या. "भिंतीले भिंत लागून घर आहे आमचं. चंद्रभागा जलमात दवाखान्याची पायरी नाही चढली."